थेल्माचा गडगा

थेल्मा फॉसेटने जन्मभर एकच गोष्ट रचली होती, ती म्हणजे ताटं. आमच्या खोऱ्यातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. पोरांची जेवणं झाली की धुतलेल्या ताटांच्या चळती ती अशा लावायची की एक ताट तसूभर पुढे आलेलं दिसायचं नाही. पुढे खोऱ्यातली पोरंच कमी झाली, शाळा बंद पडली आणि थेल्मा कायमची घरी आली. घरी म्हणजे भावाच्या शेतावर. ती आणि तिचा थोरला भाऊ विल्फ, दोघंही बिनलग्नाची. दोघांनी लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की विल्फ म्हणायचा, "वेळ झाला नाही," आणि थेल्मा म्हणायची, "ह्याचं जेवण कोण करणार?"

मी त्यांच्या समोर राहते. मधे फक्त रस्ता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं अंगण, मेंढ्यांचं रान आणि विल्फच्या बसायच्या खोलीची खिडकी असं सगळं दिसतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू देत. खिडकी त्या बाजूला मी पाडलेली नाही.

विल्फ मेंढ्या पाळायचा आणि गडगे घालायचा. आमच्याकडे रानाला कुंपण म्हणजे गडगा. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, नुसता जागच्या जागी बसवलेला, छातीच्या उंचीपर्यंत. विल्फच्या बापाने घातलेले गडगे अजून उभे आहेत, आणि विल्फने घातलेले बापापेक्षा बरे आहेत, असं लोक विल्फच्या पाठीमागे म्हणतात. तोंडावर कोण म्हणणार? आमच्या खोऱ्यात तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. नवरा जेवून उठताना "चालतंय" म्हणाला की बाई दिवसभर खूश. "छान झालंय" म्हणाला की समजावं, मीठ विसरलं. माझ्या नवऱ्याने संसारात एकदाच माझ्या केकला "सुंदर" म्हटलं होतं, आणि उरलेला केक कोंबड्यांना घातला होता.

दुसरी पद्धत अशी की न विचारता कुणी कुणाला काही सांगायचं नाही. आणि विचारायचं तर मुळीच नाही. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याचं सगळं माहीत असतं आणि सगळे मूग गिळून बसलेले असतात.

वसंतात विल्फला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला. वाचा राहिली, पण तिचा त्याने आधीही फारसा वापर केला नव्हता. तो खिडकीत खुर्ची टाकून बसू लागला. मांडीवर दुर्बीण. मेंढ्यांचं थेल्मा बघायची. लोकर कातरायला शेजारच्या शेतावरचा क्लिफ पीकॉक येऊन गेला. तसं ढकलत ढकलत चाललं होतं.

सप्टेंबरात पाऊस लागला, आणि एका सकाळी बघते तो विल्फच्या आणि क्लिफच्या रानामधला गडगा आडवा. बैलगाडी सहज जाईल एवढं खिंडार. दगड दोन्ही रानांत सांडलेले. एरवी विल्फने दुपारपर्यंत उभा केला असता. आता तो खिडकीतून बघत बसला. गावात गडगे घालणारे दोघं आहेत, पण त्यांना वसंतापर्यंत सवड नव्हती.

हा नुसता गडग्याचा प्रश्न नव्हता. पलीकडे क्लिफचा मेंढा यायचा होता. त्याचं नाव बिशप. सखल मुलखातल्या मांसल जातीचा, पिंपासारखा. क्लिफच्या मेंढ्या गोठ्यात वितात, त्यामुळे तो बिशपला लवकर सोडतो. विल्फच्या मेंढ्या काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकाच्या, डोंगरावर वाढणाऱ्या आणि उघड्यावर विणाऱ्या. त्यांना मेंढा दाखवायचा तो नोव्हेंबरात, म्हणजे पाच महिन्यांनी कोकरं येतात तेव्हा बर्फ वितळलेलं असतं. बिशप आताच खिंडारातून आत आला तर कोकरं ऐन बर्फात पडणार, आणि पडणार तीही मिश्र. बापापासून जपलेली जात एका दुपारी बाटणार.

क्लिफ विचारायला आला तेव्हा मी तिथेच होते. साखर मागायला गेले होते.

"विल्फ, माझ्याकडे जुना लोखंडी पलंग पडलाय," क्लिफ म्हणाला. "खिंडारात अडकवून देऊ का? तात्पुरता."

"फॉसेटांच्या गडग्यात पलंग?" विल्फ म्हणाला.

"तात्पुरता रे."

"तात्पुरता पलंग तुझ्या बापानेही लावला होता ओढ्याकडे. अजून आहे."

क्लिफने टोपी काढून परत घातली. "मग काय करू? बिशपला मी फार तर पंधरा दिवस आवारात कोंडून ठेवीन. माझ्याही मेंढ्या खोळंबल्यात."

"मग लॉरी सांग," विल्फ म्हणाला. "पंधरा दिवसांनी माझ्या जाऊ देत बाजारात. सगळ्या."

"सगळ्या?"

"ज्याला गडगा राखता येत नाही त्याने मेंढ्या ठेवू नयेत."

एवढं बोलून त्याने दुर्बीण डोळ्याला लावली. क्लिफ माझ्याकडे बघायला लागला, मी थेल्माकडे. थेल्मा साखर मोजत होती. तिने माझ्या वाटीत मीठ ओतलं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

संध्याकाळी ती मीठ बदलून द्यायला आली.

"तो मेंढ्या विकेल, आणि मग त्या खिडकीतनं काय बघेल गं?" ती म्हणाली. "तुझे वाळत घातलेले कपडे?"

"माझे कपडे बघण्यासारखे असतात."

"ब्रेंडे, मस्करी नको. दिवसभर तो त्या मेंढ्या मोजत असतो. तेवढ्यासाठी उठतो, तेवढ्यासाठी दाढी करून घेतो. त्या गेल्या की तो नाताळ बघायचा नाही."

मला ते खरं वाटलं. मग ती म्हणाली, "मी घालते गडगा."

"तू? तुला भिंतीत खिळा मारता येत नाही."

"खिळा नकोच आहे ना त्यात."

"मग विल्फला विचार, कसा घालायचा ते."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला रस्त्यात नाचायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेल्मा भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून रानात उतरली. पहिले दोन दिवस तिने एकही दगड दगडावर ठेवला नाही. फक्त निवडले. मोठे एकीकडे, मध्यम एकीकडे, मुठीएवढ्या चिपा बादल्यांत, वरचे चपटे वेगळे. गवतावर हारीने मांडलेले ते दगड बघून वाटावं, आता पोरांना जेवायला बसवणार. गडग्याबद्दलचा एकच नियम तिला ठाऊक होता, कारण तो तिने लहानपणापासून घरात ऐकला होता: उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही. उचलला, की त्याची जागा शोधायची. त्यामुळे ती पोटाशी दगड धरून, दुसऱ्याचं मांजर धरावं तशी, अर्धा अर्धा तास उभी असायची. मी खिडकीतून बघायची आणि मला हसू यायचं. मग माझेच हात भरून यायचे.

विल्फही बघत होता. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ बघितलेत, पण हा तर हाकतही नव्हता. नुसती दुर्बीण.

आठवड्याभरात गडगा उभा राहिला. थेल्माने मला बोलावलं. खरं सांगते, मी असा देखणा गडगा बघितला नव्हता. प्रत्येक दगडाची लांब, सपाट बाजू बाहेर, फटी झाकलेल्या, थर सरळ. जुन्या, ओबडधोबड गडग्याच्या मधे तो भाग इस्त्री केल्यासारखा दिसत होता. थेल्माचं नाक लाल झालं होतं आणि ती लहान मुलीसारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"काय?" ती म्हणाली.

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले. मला त्यातलं काही कळत नव्हतं हे खरंच आहे, पण एक गोष्ट कळत होती: एवढं नीटनेटकं काही आमच्या डोंगरावर टिकत नाही.

चहाला मी तिथेच थांबले. थेल्मा ओतत होती. विल्फ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "छान झालाय गं गडगा."

किटली हवेत थांबली.

"काय म्हणालास?"

"छान झालाय. सुंदर. चित्रासारखा."

थेल्माने किटली खाली ठेवली. कोट घातला, मोजे घातले आणि दार उघडून निघून गेली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मेल्या," मी विल्फला म्हणाले, "काय चुकलंय ते सांगायला तोंड झडलं होतं का तुझं?"

"तिने विचारलं नाही."

"ती कशी विचारेल? तुझीच बहीण ती!"

"ब्रेंडा, चहा गार होतोय."

मला त्याचा इतका राग आला की तो चहा त्याच्या डोक्यावर ओतावा असं वाटलं. पण तेवढ्यात मी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याने दुर्बीण डाव्या हातात धरली होती आणि डोळ्यावरून ती खाली घेत नव्हता. बाहेर थेल्मा गडगा उतरवत होती. ढकलून पाडत नव्हती. वरून एकेक दगड काढून गवतावर मांडत होती, पुन्हा निवडून. मधेच बहुतेक ती एका दगडाला नुसती टेकली असावी, कारण अख्खी बाजू तिच्या पायाशी आली. ती उडी मारून बाजूला झाली. विल्फ खुर्चीतून अर्धा उठला होता. मग बसला. मी तिचा चहा झाकून ठेवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी ती दगडांना हातच लावीना. दूध काढायचं बुटकं स्टूल घेऊन खिंडाराच्या कडेला, जुना गडगा जिथे तुटला होता तिथे तोंड करून बसली होती. मला राहवेना. मी गेले.

"काय करतेस?"

"बघतेय."

"काय?"

"पोट," ती म्हणाली. "आजवर मी याचं तोंड बघत होते. ये, इथे बस. हे बघ."

तिथे गडगा चिरल्यासारखा उघडा होता आणि आतलं सगळं दिसत होतं. मला वाटायचं गडगा म्हणजे एक भिंत. त्या दोन भिंती असतात, एकमेकींवर रेललेल्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या. मधल्या पोकळीत चिपा. त्याही फेकलेल्या नव्हत्या, हाताने एकेक बसवलेल्या. आणि गुडघ्याच्या वर एक लांबच लांब दगड या भिंतीतून त्या भिंतीत आरपार गेलेला, दोघींना धरून ठेवणारा.

"दगड बघ कसे ठेवलेत," थेल्मा म्हणाली. "लांबी आत. टोक तेवढं बाहेर. भट्टीत लांब पाव सरकवतो ना, तसे. आणि मी काय केलं? पाव दुकानाच्या काचेत मांडले!"

ती एवढ्या जोरात हसली की मेंढ्या पळाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विल्फने आणि बापाने घातलेलं अख्खं पुस्तक तिच्या कोपराशी उघडं पडलं होतं आणि ती आठवडाभर त्याच्याकडे पाठ करून बसली होती. मग तिने खाली पायाशी बोट दाखवलं. जुन्या गडग्यात तळाला वीतभर चौकोनी भोक होतं. पाण्याची मोरी. डोंगरावरचं पाणी तिथून पलीकडे जातं. खिंडारातही तशीच एक होती, ती थेल्माने दगड निखळलाय समजून चिपांनी नीट बुजवली होती. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबून अख्खा गडगा क्लिफच्या रानात गेला असता.

दुसऱ्यांदा तिने सावकाश घातला. दिवस थोडे उरले होते, लॉरी ठरली होती, पाऊसही पडत होता, आणि तरी सावकाश. रबरी मोजे फाटले ते तिने टाकून दिले. एक बोट दगडाखाली आलं, ते काळं-निळं झालं. आरपार जाणारे लांब दगड एकटीने उचलणं शक्यच नव्हतं. पण शाळेचं ते अवाढव्य सूपाचं पातेलं कधी ही कड, कधी ती कड टेकवत नेणारी बाई ती. तिने एक फळी तिरकी लावली आणि दगडाला एकदा हे टोक, एकदा ते टोक असं करत वर चढवलं. क्लिफ पलीकडून फाटकाला टेकून बघत होता. त्याचे हात शिवशिवत होते हे मला रस्त्यापलीकडून कळत होतं.

"हवा बिघडणार," तो म्हणाला.

"बिघडणार," थेल्मा म्हणाली.

तेवढं बोलून तो गेला. तिने मागितली असती तर त्याने रात्रंदिवस मदत केली असती, आणि हे तिलाही माहीत होतं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ती एक तिरपागडा दगड घेऊन उभी होती. तिने तो फिरवला, परत फिरवला, मग थरात सरकवला. टक्क असा आवाज आला. तिने त्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. हलला नाही. तिने गायीच्या पाठीवर मारावी तशी त्याला थाप मारली.

"बसला की कळतं गं, ब्रेंडे," ती म्हणाली. "हाताला आधी कळतं, मग डोक्याला. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं नाही, की यात इतकी मजा आहे. सगळी मजा या पुरुषांनी स्वतःकडे ठेवली, आणि वर घरी येऊन म्हणायचे, कंबर मोडली, चहा दे!"

शेवटचे चपटे दगड वर चढले त्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि रात्रभर पडला. मी झोपले नाही असं म्हणणार नाही, पण दोनदा उठून खिडकीत गेले. काही दिसत नव्हतं.

सकाळी क्लिफने बिशपला सोडलं. दुपारी लॉरी यायची होती. थेल्मा आणि मी रानात उभ्या होतो. गडगा उभा होता, आणि मोरीतून गढूळ पाणी खळखळत क्लिफच्या बाजूला जात होतं. बिशपने मान वर केली. वारा आमच्या बाजूने होता, मेंढ्यांचा वास त्याला लागला असणार. तो सरळ चालत आला आणि नेमका नव्या भागाला खांदा लावला. घासला. मग दोन पावलं मागे गेला आणि धडक दिली. थेल्माने माझा दंड धरला. त्याचा वळ नंतर कितीतरी दिवस होता. गडगा जागचा हलला नाही. बिशपने आणखी एकदा करून बघितलं, शिंकला आणि क्लिफच्या मेंढ्यांकडे निघून गेला.

तेवढ्यात मागे दार वाजलं. विल्फ बाहेर आला होता. काठी डाव्या हातात, उजवा पाय ओढत. वसंतानंतर त्याने अंगण ओलांडलं नव्हतं. आम्ही कुणी पुढे झालो नाही. झालो असतो तर तो परत फिरला असता. ओल्या गवतातून यायला त्याला फार वेळ लागला.

तो गडग्यापाशी उभा राहिला. कंबर टेकवून जोर दिला. वाकला, मोरीत बघितलं. एका कडेने चालत दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि परत आला. थेल्माने दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबले होते. मी मनात म्हणत होते, देवा, याला छान म्हणू देऊ नकोस.

"चौथ्या थरातला तो दगड उलटा बसलाय," विल्फ म्हणाला.

"कुठला?"

"लाल डाग असलेला."

"माहितीये मला. त्याला दुसरीकडे जागा नव्हती."

"हं. मोरी बोटभर वर आलीय."

"पाणी जातंय ना?"

"जातंय."

मग त्याने काठी उचलली आणि डोंगराच्या बाजूला, जुन्या गडग्याकडे रोखली. "तिकडे पोट सुटलंय, दगड बाहेर आलेत. मागच्या हिवाळ्यापासून बघतोय मी. कोकरं यायच्या आत ते उतरवून घाल."

कोकरं! मी थेल्माकडे बघितलं. तिला ऐकू आलं होतं. 

पलीकडून क्लिफ ओरडला, "विल्फ! लॉरीवाल्याला काय सांगू?"

"कसली लॉरी?" विल्फ म्हणाला.

थेल्माने एप्रनने नाक पुसलं. ती सुटलेल्या पोटापाशी गेली, त्याच्यावर हात ठेवला आणि मग, आमच्या खोऱ्यात कुणी करत नाही ते तिने केलं. मागे वळून विचारलं.

"विल्फ, हे वरून उतरवू, की मधूनच काढू?"

विल्फने काठी गवतात रोवली.

"वरून," तो म्हणाला. "नेहमी वरून. आणि चिपा वेगळ्या काढ, मातीत तुडवू नकोस. तळाचा दगड पक्का असेल तर त्याला हलवायचं नाही, बाबांनी बसवलाय तो, त्याची गंमत अशी आहे की..."

आणि तो बोलतच राहिला. मी चहा करायला आत गेले, चहा झाला, गार झाला, मी दुसरा टाकला, तरी त्याचं संपलं नव्हतं.